टॉवेल टाकलेली खुर्ची

२ डिसेंबर

ही वही माझी नाही. हरवलेल्या वस्तूंच्या पेटीत वर्षभर पडून होती. कुणा पाहुण्याने पहिल्या पानावर ‘या वर्षी नक्की’ एवढं लिहिलंय आणि पुढे सगळी कोरी. मुकादम म्हणाला, ने, नाहीतर रद्दीत जाईल. वही गेल्या वर्षीची, म्हणून तारखा बरोबर आणि वार सगळे चुकीचे. वार मी खोडून टाकतो.

सातवीनंतर मी लिहिलं ते फक्त दुकानाच्या काचेवर ‘आज बंद’. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण वाचणार कोण, मीच.

माझं काम खुर्च्यांचं. समुद्रासमोर रिसॉर्टच्या वाळूत एकशे वीस लांब खुर्च्या, सहा रांगा, वीस-वीस. पाहुणे त्यांच्यावर आडवे होतात आणि दिवसभर स्वतःला भाजून घेतात. उजाडायच्या आधी मी खुर्च्या पुसतो, वाळू झटकतो, छत्र्या उघडतो. संध्याकाळी सगळं उलट. मधल्या वेळात भांडणं सोडवतो. आपण स्वतः खुर्चीवर टेकायचं नाही हा पहिला नियम. तीन वर्षांत टेकलो नाही. एकदा छत्री बसवताना गुडघा टेकला होता, तेवढाच.

घरी आमचं केस कापायचं दुकान आहे. दोन खुर्च्या. डावीकडची बाबांची, उजवीकडची माझी. पंधराव्या वर्षी तिच्यामागे उभा राहिलो आणि बाविसाव्या वर्षी विटलो. दिवसभर समोर आरसा, आरशात आपलंच तोंड आणि हाताखाली दुसऱ्याचं डोकं. पायाला भिंगरी लागली. सहा महिन्यांत येतो म्हणून निघालो. निघताना बाबांना बजावलं, माझ्या खुर्चीमागे कुणाला उभं करू नका. बाबांनी खुंटीवरचा धुतलेला टॉवेल घेतला, झटकला आणि माझ्या खुर्चीवर टाकला. म्हणाले, “जा. जागा धरून ठेवतो.”

सहा महिन्यांची तीन वर्षं झाली. इथून घर दोन दिवसांच्या वाटेवर आहे. एक दिवस जहाज, एक दिवस बस.

५ डिसेंबर

आजपासून नवा कायदा. पहिल्या दोन रांगांना पैसे. आदल्या संध्याकाळी बरोबर सहाला पाहुण्यांनी आपापल्या फोनवर खुर्ची धरायची. काल सहा वाजून एक मिनिटाला चाळीसच्या चाळीस गेल्या होत्या. ज्याचं बोट चपळ त्याला समुद्र. मागच्या चार रांगा फुकट, तिथे जो आधी येईल त्याची. म्हणजे भांडणं आता त्या चार रांगांत.

लोक पहाटे येतात, टॉवेल टाकतात आणि परत जाऊन झोपतात. मग नाश्ता, मग अंघोळ, मग दुकानं. खुर्चीवर टॉवेल एकटाच ऊन खातो. म्हणून मुकादमाने मला कपडे वाळत घालायचे लाल चिमटे दिले आहेत. माणूस नाही आणि नुसता टॉवेल दिसला की टॉवेलला चिमटा लावायचा आणि चिमट्यावर खडूने वेळ लिहायची. एका तासात माणूस आला तर खुर्ची त्याची. नाही आला तर टॉवेल घडी करून पेटीत आणि खुर्ची पुढच्याला.

पहिल्याच दिवशी चौथ्या रांगेत एक बाई तीन खुर्च्या धरून बसल्या होत्या. दुसऱ्या बाई उन्हात उभ्या.

“इथे माणूस आहे,” पहिल्या म्हणाल्या.

“दिसत नाही तो.”

“येतोय.”

“सकाळपासून येतोय? चालत येतोय का पोहत?”

“तुम्हाला काय करायचंय? तुमचा आणा ना तुम्ही.”

“माझा झोपलाय. म्हणून तर एकच खुर्ची मागते.”

मी चिमटे लावले. पहिल्या बाई म्हणाल्या, टॉवेल माझा आहे. मी म्हटलं, “टॉवेल तुमचाच आहे बाई, खुर्ची रिसॉर्टची आहे.” मुकादमाने लांबून ऐकलं आणि मान हलवली. तो खूश असला की मान हलवतो, चिडला तरी हलवतो, पण आज खूश होता.

धोबीमामा रात्रीच्या जेवणाला खूप हसला. तो आणि मी एका खोलीत राहतो. रिसॉर्टचे सगळे टॉवेल त्याच्या हाताखालून जातात. पंचवीस वर्षं हेच करतोय. म्हणाला, “माणसं येतात-जातात, टॉवेल तेच. मी टॉवेल ओळखतो, माणसं नाही.”

१० डिसेंबर

ताईचा फोन आला होता. आई गेल्यापासून घरचा कारभार तिचाच. लग्न करून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेली, तेवढंच. भाऊजींचा कारखाना बंद पडल्याचं तिने आज सांगितलं. बंद पडून दीड वर्ष झालं म्हणे. मला आज.

“मग भाऊजी करतात काय?”

“दुकानात असतात बाबांबरोबर. शिकलेत. चांगला हात आहे ह्यांचा.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. विचारलं, “माझ्या खुर्चीवर?”

“नाही रे बाबा. तुझ्या खुर्चीवर टॉवेल आहे. कुणी हात लावत नाही तिला.”

“मग काम कुठे करतात?”

“करतात. जागा काय कमी आहे का.”

आमच्या दुकानात जागा कमीच आहे. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने श्वास आत घ्यायचा. भाऊजी झाडलोट करत असतील, साबणाचा फेस करून देत असतील. चांगलं आहे. बाबांना आता हाताखाली माणूस हवाच. फोन ठेवल्यावर बरं वाटलं, आणि मग लाज पण वाटली की बरं कशाचं वाटलं.

१६ डिसेंबर

एक नवा पाहुणा आलाय, म्हातारा. डोक्यावर जहाजाच्या कप्तानासारखी टोपी, म्हणून आम्ही त्याला कप्तान म्हणतो. प्रत्यक्षात घड्याळं दुरुस्त करायचा. मुलगी, जावई, नातवंडं घेऊन आलाय, किंवा ती त्याला घेऊन आलीत.

त्याचे हात थरथरतात. चहाचा कप उचलला की बशी वाजायला लागते. पहिल्या रांगेत चौदा नंबरची खुर्ची त्याला हवी आहे, तिथून लाट पायापर्यंत दिसते म्हणे. रोज संध्याकाळी सहाला फोन घेऊन बसतो, पण बोट एकदा टेकायच्या ऐवजी तीनदा टेकतं. एकदा खुर्ची मिळाली आणि पुढच्याच टेकीला रद्द झाली. परवा खुर्चीच्या जागी दोन माणसांची मालिश धरली गेली.

“मग काय केलंत?” मी विचारलं.

“करून घेतल्या दोन्ही,” म्हणाला. “आता हाडं कुठली कुठे गेलीत सांगता येत नाही.”

मुलीला सांगा, ती धरून देईल, असं मी म्हटलं. तर टोपी नीट केली आणि म्हणाला, “तिला कशाला. तिला वाटतं मी धरू शकतो.”

म्हणून तो पहाटे येतो, तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर निळा टॉवेल टाकतो आणि परत जातो. कपडे, बटणं, बूट, दाढी हे सगळं उरकून यायला त्याला दीड तास लागतो. मी त्याच्या टॉवेलला चिमटा लावत नाही. तिकडे गेलो की मला छत्रीच दिसते, टॉवेल दिसतच नाही.

२१ डिसेंबर

ताईने बाबांचा फोटो पाठवला. दुकानाबाहेरच्या बाकावर बसलेत, उन्हात. मांडीवर हात, एका हातावर दुसरा दाबून धरलेला, फोटोला बसलेल्या शाळकरी पोरासारखे. दाढी वाढलेली. चांगलीच वाढलेली. मी ताईला लिहिलं, न्हाव्याच्याच गालावर रान, गिऱ्हाईक पळेल अशाने. तिने हसणारं तोंड पाठवलं.

सकाळी दहाची वेळ दिसते सावलीवरून. त्या वेळेला बाबा बाकावर कधी बसत नसत. गर्दी कमी झाली असेल. मागे दाराच्या काचेतून माझ्या खुर्चीचा हात दिसतो आणि त्यावर पांढरं काही. टॉवेलच. मी फोटो मोठा करून तेवढंच बघत बसलो. शेवटी नुसते पांढरे ठिपके उरले.

२७ डिसेंबर

आज वारा. सगळ्या छत्र्या मिटल्या. काम नाही, म्हणून वाईट.

एक गोष्ट लिहून ठेवतो. नवं गिऱ्हाईक बसायच्या आधी बाबा टॉवेल झटकायचे. मनगटाचा एकच झटका, आणि आवाज असा की झोपलेला माणूस उठेल. लहान असताना मला वाटायचं हवाच फाटली. मी इथे संध्याकाळी पाहुण्यांनी सोडून दिलेले शंभरेक टॉवेल झटकतो आणि एकाचाही तसा आवाज होत नाही. रोज करून बघतो. मामा म्हणतो रिसॉर्टचा टॉवेल जाड आहे, त्याला आवाज नाही. मला वाटतं मनगटात आहे ते.

दुकानात होतो तेव्हा दारातून जाणारी प्रत्येक बस मला बोलवायची. आता इथे जहाजाचा भोंगाही तसाच बोलावतो, पण उलट्या दिशेला. माझं असंच आहे. जिथे असतो तिथे मी अर्धाच असतो.

३ जानेवारी

मुकादमाने बोलावलं. मला वाटलं कप्तानाच्या टॉवेलचं कळलं. पण त्याने समोर बसवलं आणि चहा मागवला.

“बुकिंगच्या खोपटात माणूस हवाय,” म्हणाला. “खुर्च्या कुणाला गेल्या ते बघायचं, तक्रारी ऐकायच्या. सावलीत. पंखा आहे. बसून काम. दोन वर्षांचा करार. महिनाअखेरपर्यंत सही कर.”

बसून काम! आजपर्यंत आमच्या घरात बसून कुणी काम केलेलं नाही.

बाबांना फोन केला. मागे कात्रीचा आवाज येत होता, कचकच कचकच, एका लयीत. मी म्हटलं, “गिऱ्हाईक आहे का? मग करतो नंतर.”

“नाही, बोल. चालू दे ते.”

करार सांगितला. बाबांनी पंख्याचं दोनदा विचारलं. मग म्हणाले, “तुला बरं वाटेल ते कर.”

“माझ्या खुर्चीचं काय?”

“तिला काय झालंय? ती कुठे पळून जात नाही. टॉवेल आहे तिच्यावर.”

म्हणजे इथलीही मिळेल आणि तिथलीही राहील. खोलीत येऊन मामाला सांगितलं. मामा चादरीची घडी घालत होता. म्हणाला, “छान. दोन खुर्च्यांवर टॉवेल टाकणारा पाहुणा भेटला की तू त्याचं काय करतोस?”

“ते वेगळं. इथे एक तासाचा नियम आहे.”

“बरोबर. तुझ्याकडे तीन वर्षांचा असेल.”

मी त्याच्याशी जेवणापर्यंत बोललो नाही. जेवताना मीठ मागावं लागलं.

८ जानेवारी

आजचं सगळं लिहितो.

पाचव्या रांगेत एक पाहुणा असतो, गळ्यात दुर्बीण. समुद्र कमी आणि इतरांच्या खुर्च्या जास्त बघतो. त्याने सकाळी मुकादमाला आणून कप्तानाच्या टॉवेलसमोर उभं केलं. “आठ दिवस बघतोय. ह्या टॉवेलला चिमटा लागत नाही. हा कुणाचा काका लागतो?”

मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. मी चिमटा लावला. खडूने सात वाजून पाच मिनिटं लिहिली.

तेवढ्यात कप्तान आपल्या खोलीच्या गॅलरीत दिसला. त्याने खालचा लाल चिमटा पाहिला आणि आत गेला. मी मनात म्हटलं, चला, येईल आता.

आठ वाजून पाच मिनिटं झाली. दुर्बिणवाला शेजारी उभा, मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून. मी निळा टॉवेल काढला, घडी केली, पेटीत ठेवला. दुर्बिणवाला लगेच आडवा झाला. त्याला पाचव्या रांगेत खुर्ची होती, तरी.

दहा मिनिटांनी कप्तान वाळूतून येताना दिसला. शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली. अर्ध्या तोंडावर साबण वाळलेला, अर्धी दाढी झालेली, आणि हनुवटीखाली रक्ताची बारीक रेघ. घाईत वस्तरा लागला होता. लोक बघायला लागले. मुलगी कुठे दिसत नव्हती.

तो मला म्हणाला, “तुझं बरोबर आहे. तास म्हणजे तास. मी घड्याळजी आहे, मला सांगायला नको.”

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी त्याला खोपटामागे नेलं. तिथे दुरुस्तीला काढलेली एक लांब खुर्ची आहे, पट्टी तुटलेली. तिची पाठ उभी केली आणि त्याला बसवलं. खोलीतून माझी हत्यारांची पेटी आणली. रविवारी कामगारांचे केस कापतो, त्यामुळे कात्री, वस्तरा, तुरटी सगळं आहे. मामाकडून गरम पाणी आणि धुतलेला टॉवेल घेतला. झटकला. आवाज झाला. बाबांसारखा नाही, पण झाला. हा टॉवेल जुना होता, झिजून पातळ झालेला.

त्याची मान मागे टेकवली. साबण लावताना तो डोळे मिटून बोलायला लागला.

“दुकान बंद केलं त्याला चार वर्षं झाली. घरी सांगितलं डोळे गेले. डोळे गेले म्हटलं की लोक बिचारा म्हणतात. हात थरथरतो म्हटलं की कपाकडे बघायला लागतात.”

वस्तरा गालावर असताना न्हाव्याने बोलू नये, हे बाबांचं.

“मग दाढी वाढवली. आता नातवंडांना टोचायची म्हणून काढली, पण तेव्हा म्हटलं हौस आहे. कुणाला काही कळलं नाही. हात असा धरून बसायचा.” त्याने एका हातावर दुसरा हात दाबून मांडीवर ठेवला. “म्हणजे दिसत नाही.”

माझा वस्तरा थांबला.

“काय झालं?” तो म्हणाला.

“काही नाही. हनुवटी वर करा.”

उरलेली दाढी मी कशी केली मला आठवत नाही. हात आपोआप करत होते. तुरटी फिरवली तेव्हा त्याने हळूच गाल चाचपला आणि म्हणाला, “इतकी गुळगुळीत लग्नात होती.”

मुकादमाला कळलंच. मी कप्तानाची पाण्याने केली, मुकादमाने माझी बिनपाण्याने केली. पाहुण्याला वस्तरा लावतोस, कापलं असतं तर, रिसॉर्ट विकलंस तरी भरून येणार नाही, वगैरे. मी सगळं ऐकून घेतलं. मला त्याचं तोंड हलताना दिसत होतं, एवढंच.

९ जानेवारी

दुपारच्या सुट्टीत कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांमागे उभा राहून ताईला फोन केला. सरळ विचारलं, “बाबांचे हात थरथरतात का?”

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. किती दिवस झाले?”

“दोन वर्षं. आधी कप वाजायचा, आम्ही हसायचो. मग एका गिऱ्हाइकाचा कान कापला. जुनं गिऱ्हाईक होतं, काही बोललं नाही. पण बाबांनी त्या दिवशी कात्री खाली ठेवली ती ठेवलीच.”

“मग दुकान कोण चालवतं?”

“हेच. बाबा बाकावर बसून सांगतात, इथे कमी घे, तिथे राहू दे. गिऱ्हाईक टिकून आहे.”

“पण कुठे उभे राहतात भाऊजी? माझ्या खुर्चीमागे तर…”

“बाबांच्या.”

दोऱ्यांवरच्या ओल्या चादरी तोंडावर येत होत्या. मी बाजूला केल्या.

“मी सांगितलं होतं,” ताई म्हणाली. “ह्यांनीही सांगितलं की तुमची तुमच्याकडे राहू द्या, मी उजवीकडच्या खुर्चीवर करतो. तुम्हाला पाय दुखले तर आपल्या खुर्चीत तरी बसाल. बाबा ऐकेनात. म्हणाले, पोराला शब्द दिलाय. त्याची जागा धरून ठेवलीय, माझी घ्या.”

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगू दिलं नाही. म्हणाले, कळलं तर धावत येईल. धावत आलेला माणूस टिकत नाही. यायचं तेव्हा त्याचा तो येऊ दे.”

३ तारखेचं पान काढून वाचलं. मागे कात्रीचा आवाज येतोय, असं मी स्वतःच लिहिलंय. कात्री चालत होती आणि बाबा माझ्याशी बोलत होते. एक माणूस दोन्ही कसं करेल, एवढं मला कळू नये?

१२ जानेवारी

तीन दिवस बाबांना फोन केला नाही. काय बोलायचं तेच कळेना. आज केला.

“हात कसे आहेत?”

“हाताला काय झालंय? थंडी आहे जरा.”

मी ते धरून बसलो नाही. म्हटलं, “बाबा, माझ्या खुर्चीवरचा टॉवेल काढा.”

बाबा बाकावरून उठल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “बरं. म्हणजे सही केलीस.” आणि लगेच, “चांगलंच आहे. पंखा आहे म्हणालास.”

“सही नाही केली. काढून धुवायला टाका म्हणतोय. तीन वर्षांचा टॉवेल, त्यावर धूळ किती असेल. मी आल्यावर कुणी त्यावर बसणार आहे का?”

“धूळ कुठली?” बाबा म्हणाले. “रोज सकाळी बदलतो मी. दुकान उघडलं की आधी तुझा टॉवेल.”

मी हिशेब करायला गेलो, तीन वर्षांचे किती दिवस होतात. मग सोडून दिला.

“झटकून टाकता का?” मी विचारलं.

“झटकतो की. झटकायला हात थरथरला तरी चालतो.”

एवढंच बोलले हातांबद्दल.

२० जानेवारी

खरं लिहायचं तर मला भीती वाटते. पायातली भिंगरी गेली असं लिहिलं तर खोटं ठरेल. काल जहाज सुटताना बघितलं तेव्हा वाटलं, अजून दोन बंदरं पाहून जावं. दुकानात गेलो आणि आठ दिवसांत पुन्हा दारातली बस बोलवायला लागली तर? टॉवेल टाकून जाणं सोपं असतं, ते मी रोज बघतो. येऊन आडवं होणंही सोपं. दुसऱ्याने राखलेल्या जागी रोज उभं राहायचं, ते जमेल का, माहीत नाही.

तरी मुकादमाकडे गेलो आणि नाही म्हणून सांगितलं.

“वेडा आहेस का?” तो म्हणाला. “खुर्चीवर बसायचं काम आहे.”

“घरी पण खुर्ची आहे साहेब.”

“बसायची?”

“नाही. तिच्यामागे उभं राहायची.”

मुकादमाने मान हलवली. खुशीची की रागाची, कळलं नाही. बदली माणूस येईपर्यंत थांब म्हणाला.

कप्तान आज घरी गेला. मधले दिवस दाढी त्याची मुलगी करायची. मी दाढी केली त्याच दिवशी त्याने तिला सगळं सांगून टाकलं म्हणे. काल संध्याकाळी सहाला तिने फोन धरला, बोट त्याचं, मनगट तिने पकडलेलं, आणि चौदा नंबर मिळाला. आज सकाळी तासभर पडला त्यावर. निघताना माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “लाट पायापर्यंत दिसत नाही रे तिथून. उगाच महिनाभर जीव टाकला.” तरी तोंडावर हसू मावत नव्हतं.

१० फेब्रुवारी

जहाजावर आहे. वरच्या मजल्यावर, बाकावर. पुढ्यात पेटी.

सकाळी शेवटच्या एकशे वीस पुसल्या. बदली माणूस मागे मागे फिरत होता, त्याला चिमटे दिले. सांगितलं, म्हाताऱ्यांना दीड तास धर. तो म्हणाला, नियम एकाचा आहे ना? मी म्हटलं, खडू तुझ्या हातात आहे ना?

धोबीमामा धक्क्यापर्यंत आला. बोलायला लागला की त्याला थट्टाच सुचते आणि आज त्याला ती नको होती. मी फळीवर पाय ठेवल्यावर त्याने मागून कॉलर ओढली. वाटलं, नीट करतोय. जहाज सुटल्यावर हात लावून पाहिलं तर लाल चिमटा. त्यावर खडूने आजची सकाळची वेळ. खाली मामा टॉवेल हलवत उभा होता, लोक रुमाल हलवतात तसा.

दुपारी ताईचा निरोप आला. बाबांचा फोटो. तोच बाक, तेच ऊन, पण दाढी आता छातीकडे निघालीय. ताईने लिहिलंय, “ह्यांनी दहा वेळा विचारलं, करून देऊ का? जावयाचा हात चांगला आहे असं सगळ्या गल्लीला सांगतात, पण स्वतःच्या गालाला लावू देत नाहीत. म्हणतात, ही त्याच्यासाठी ठेवलीय.”

मला वाटलं होतं, हात थरथरतात म्हणून दाढी. तसं नव्हतं, किंवा नुसतं तसं नव्हतं.

उद्या दुपारी पोचेन. टॉवेल काढायचा आणि त्या खुर्चीवर आधी त्यांनाच बसवायचं. पुढचं पुढे. भाऊजी त्यांच्या जागी राहू देत, डावीकडे. तुरटी नवी घेतलीय. वस्तऱ्याला मघाशीच धार लावली, शेजारचा प्रवासी उठून लांब जाऊन बसला.

जहाज हलतंय म्हणून अक्षर थरथरतंय. लिहिणं थांबवून दोन्ही हात समोर धरून पाहिले. स्थिर आहेत. उद्या दुपारपर्यंत असेच राहिले म्हणजे झालं.